केमोच्या आधीच होणारी मळमळ आणि स्वसंमोहन: कोणी शिकले आहे का?

औदुंबर_छाया

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. स्तनाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया झाली असून सध्या केमोथेरपी चालू आहे. दर तीन आठवड्यांनी ॲड्रियामायसिन, ज्याला आमच्या वॉर्डात सगळे ‘लाल औषध’ म्हणतात, आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे शिरेतून दिली जातात. ती संपल्यावर पॅक्लिटॅक्सेल हे दुसरे केमोचे औषध आणि त्यानंतर रेडिएशन असा पुढचा क्रम डॉक्टरांनी समजावून सांगितला आहे.

माझी अडचण केमोनंतरच्या त्रासापेक्षा केमोच्या आधीच्या त्रासाची आहे. पहिल्या खेपेला मला फार उलट्या झाल्या. डॉक्टरांनी औषधे बदलून दिल्यावर नंतरचा त्रास बराच आटोक्यात आला, परंतु आता आदल्या संध्याकाळपासूनच मळमळू लागते. रुग्णालयाच्या जिन्यात स्पिरिटचा वास आला की पोटात ढवळते, आणि सिस्टर लाल औषध घेऊन येताना दिसल्या की त्याचा एक थेंबही अंगात जाण्यापूर्वी उलटी होते. पहिल्या केमोच्या सकाळी मी उपीट खाल्ले होते. आता घरात कोणी रवा भाजायला घेतला तरी मला अंगणात जाऊन बसावे लागते. त्यातच हाताच्या शिरा सहज सापडेनाशा झाल्यामुळे सुई लावताना पुन्हा पुन्हा टोचावे लागते, आणि त्याचीही धास्ती मनात बसली आहे.

पुण्याच्या माझ्या मावसबहिणीने स्वसंमोहन शिकून घेण्याचा सल्ला दिला आहे. घरी मात्र सासूबाईंना हा वशीकरणातला प्रकार वाटतो आणि माझी शुद्ध हरपेल अशी भीती वाटते. मला स्वतःला तशी भीती वाटत नाही, पण उपचार अर्ध्यावर असताना भलत्याच मार्गाला लागू नये एवढी काळजी जरूर वाटते. याचा खरोखर उपयोग होतो का, ते घरच्या घरी शिकता येते का, आणि डॉक्टरांना आधी सांगावे लागते का, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मनोमय

ताई, मी कर्करोग रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. आपण वर्णन केलेला त्रास आमच्याकडे नेहमी पाहायला मिळतो आणि त्यामागचे कारणही नीट समजलेले आहे. पावलोव्हच्या प्रयोगात घंटेपाठोपाठ अन्न मिळत गेल्यामुळे नुसत्या घंटेनेच कुत्र्याला लाळ सुटू लागली, हे आपण वर्गात शिकवलेही असेल. त्याच नियमाने स्पिरिटचा वास, जिना, लाल रंग आणि उपीट या गोष्टी आपल्या शरीराने उलटीशी जोडून टाकल्या आहेत. पहिल्याच खेपेला ज्यांना जोराच्या उलट्या होतात त्यांच्यात ही जोडणी लवकर पक्की होते. त्यामुळे हा त्रास खोटा आहे किंवा आपले मन दुबळे आहे असे कोणी म्हणाले, तर ते अजिबात मनावर घेऊ नका. दुसरे असे की, ही मळमळ एकदा बसली की नेहमीची उलटीची औषधे तिच्यावर फारशी चालत नाहीत. म्हणूनच तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिच्यासाठी स्नायूंचे शिथिलीकरण, टप्प्याटप्प्याने सवय मोडणे आणि संमोहन या उपायांना स्थान दिलेले आहे.

संमोहनात शुद्ध हरपत नाही. लक्ष एका ठिकाणी इतके एकवटते की आजूबाजूच्या गोष्टी मागे पडतात, आणि त्या अवस्थेत दिलेली सूचना शरीर एरवीपेक्षा अधिक सहज स्वीकारते. स्वसंमोहनात सूचना देणारे आपण आणि घेणारेही आपणच असतो. डोळे केव्हा उघडायचे हेही आपल्याच हाती असते. सासूबाईंना हे समजावताना योगनिद्रेचा दाखला देऊन पाहा, कारण डोळे मिटून, शरीर सैल सोडून, सूचनांच्या आधाराने आत वळण्याची ती रीत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या परिचयाची असते. महाराष्ट्रात तर श्याम मानव यांच्यासारख्या अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याने स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. मंत्रतंत्राविरुद्ध उभे राहणाऱ्या माणसाला जे शिकवावेसे वाटले त्याचा वशीकरणाशी संबंध नाही, एवढे त्यांना यावरून पटू शकेल.

उपयोग होतो का, याबद्दल चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात गाय माँटगोमेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या २०० स्त्रियांवर केलेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी १५ मिनिटांचे संमोहन दिले गेले, तर उरलेल्यांशी मानसशास्त्रज्ञाने तेवढाच वेळ आपुलकीने संवाद साधला. संमोहन घेतलेल्या स्त्रियांना भुलीचे औषध कमी लागले आणि शस्त्रक्रियेनंतरची वेदना, मळमळ व थकवाही कमी आढळला. अमेरिकेतील डॉक्टर एल्विरा लँग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत स्तनाची बायोप्सी चालू असताना २३६ स्त्रियांची चिंता मोजली होती. नेहमीच्या पद्धतीने ज्यांची बायोप्सी झाली त्यांची चिंता वाढत गेली, ज्यांच्याशी सहानुभूतीने बोलले गेले त्यांची होती तेवढीच राहिली, आणि ज्यांना स्वसंमोहनातून शिथिल होण्यास मदत केली गेली त्यांची कमी होत गेली. कर्करोग झालेल्या मुलांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढताना बधिर करणारे मलम आणि संमोहन एकत्र वापरल्यास नुसत्या मलमापेक्षा अधिक आराम पडतो, असेही दिसून आले आहे. मला हा शेवटचा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यात औषध बाजूला सारलेले नाही, त्याला जोड दिली आहे.

प्रत्येकाला याचा सारखाच लाभ होत नाही, हेही सांगितले पाहिजे. काही माणसे फार सहजपणे त्या अवस्थेत जातात, काहींना ते जवळजवळ जमतच नाही, आणि बहुसंख्य लोक या दोहोंच्या मध्ये असतात. पहिली एक-दोन सत्रे प्रशिक्षित व्यक्तीकडून घ्यावीत आणि मग रोज घरी सराव करावा, असे मी सुचवेन. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांपैकी कोणाकडे संमोहनाचे प्रशिक्षण आहे, याची चौकशी आपल्याच रुग्णालयात करा. पूर्वी भास-भ्रमाचा आजार झालेला असेल किंवा जुन्या आघाताच्या आठवणी अचानक उसळून येत असतील, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये.

सरी_वरंबा

आमच्या घरचा अनुभव सुईचा नसून रेडिएशनच्या मास्कचा आहे, पण आपल्याला पुढे रेडिएशन घ्यायचे असल्यामुळे तो लिहिते. माझ्या यजमानांना जिभेचा कर्करोग झाला होता. डोके आणि मान यांच्या रेडिएशनसाठी प्लास्टिकची जाळीदार पट्टी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. ती काही मिनिटांत चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते आणि रोज उपचाराच्या वेळी तिच्यासकट डोके टेबलाला पक्के केले जाते. उपचार सोमवार ते शुक्रवार असे सहा-सात आठवडे चालतात. स्तनाच्या रेडिएशनला हा चेहऱ्यावरचा मास्क सहसा लागत नाही, त्यामुळे त्याची भीती बाळगू नका. परंतु बंद खोलीत एकट्याने निश्चल पडून राहणे सर्वांनाच भाग असते.

यजमान सारा जन्म मोकळ्या रानात वावरलेले. मास्क पहिल्यांदा आवळला तेव्हा त्यांचा जीव गुदमरला आणि हात वर करून त्यांनी तो काढायला लावला. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना आवडेल असे ठिकाण डोळ्यांसमोर आणायला सांगितले. समुद्रकिनारा, बगीचा असे नेहमीचे पर्याय त्यांना मुळीच भावले नाहीत. बाईंनी नेटाने विचारत विचारत त्यांच्याकडूनच काढून घेतले की, रात्रीच्या लायटीला उसाला पाणी पाजताना त्यांना सर्वांत शांत वाटते. मग तेच चित्र पक्के झाले. मास्क बसला की सावकाश श्वास सोडायचा, डोळे मिटायचे, पहिल्या सरीत पाणी सोडायचे आणि ते ढेकळे भिजवत, थबकत, पुन्हा वाट काढत शेवटापर्यंत पोहोचेपर्यंत त्याच्याबरोबर चालायचे. ती सरी भरली की दारे मोडून पुढची धरायची. यंत्राची घरघर ही विहिरीवरच्या मोटारीची, असे त्यांनीच ठरवून घेतले होते. पाण्याबरोबर चालताना घाई करून भागत नसल्यामुळे त्यांचा श्वास आपोआप संथ होत असे.

घरी आम्ही याचा सराव रोज संध्याकाळी करत होतो. समुपदेशक बाईंना विचारून तोंडावर पातळ ओला पंचा घेऊन ते पडून राहायचे आणि मी हळू आवाजात पाण्याची वाट सांगायची. काही दिवसांनी त्यांना माझ्या आवाजाची गरज उरली नाही. तंत्रज्ञ मुलांनीही फार समजून घेतले: बाहेर कॅमेऱ्यात आम्हाला सतत दिसता, हात वर केला की आम्ही लगेच यंत्र थांबवून आत येतो, असा शब्द ते रोज देत. नुसत्या चित्राने भागले असते असे मला वाटत नाही, त्या शब्दाचाही आधार तितकाच होता. उपचार पूर्ण झाले. तोंड आले तेव्हाची आग मात्र स्वसंमोहनाने फारशी हटली नाही. तिथे वेदनाशामक औषधे आणि काही दिवस नाकातली नळी यांवरच सारे निभावले.

एक विनंती करते. जे चित्र निवडाल ते आपले स्वतःचे, हातापायांना माहीत असलेले असू द्या.

प्राजक्त

मी निवृत्त कर्करोगतज्ज्ञ आहे. वरील दोन्ही प्रतिसाद मला मनापासून आवडले, आणि आपण स्वसंमोहन अवश्य शिकावे असेच माझेही मत आहे. तरीही तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिली गोष्ट लाल औषधासंबंधी असून ती सर्वांत तातडीची आहे. ॲड्रियामायसिन शिरेच्या बाहेर झिरपले तर आजूबाजूच्या मांसाला गंभीर इजा करते. औषध जात असताना सुईजवळ आग होणे, टोचणे, सूज किंवा लाली येणे ही त्याची आरंभीची खूण असते आणि रुग्णाने ती त्याच क्षणी सांगावी लागते. त्यामुळे हात बधिर झाला आहे अशी सूचना स्वतःला देऊन ती पूर्ण केमोभर टिकवणे आपल्या बाबतीत धोक्याचे आहे. सुई टोचण्यापुरती बधिरता चालेल. औषध सुरू होण्यापूर्वी हाताची संवेदना पूर्ण जागी झाली पाहिजे. शिवाय शिरा मिळतच नसतील तर केमो पोर्ट किंवा पिक लाइन (औषध देण्यासाठी मोठ्या शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी) बसवण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी आताच बोला. पुन्हा पुन्हा टोचून घेण्याचे दुःख धीराने सोसण्यापेक्षा ते टाळणे केव्हाही चांगले.

दुसरी गोष्ट अशी की, केमोआधीच्या मळमळीबद्दल डॉक्टरांना आपण स्पष्ट सांगितले आहे का? नंतरचा त्रास कमी झाला म्हणून अनेक रुग्ण आधीच्या त्रासाविषयी बोलतच नाहीत. ओलान्झापिनसारखे औषध योजनेत घालता येते, आदल्या रात्री आणि त्या सकाळी लोराझेपामसारखे औषध थोड्या प्रमाणात देता येते, आणि पुढची प्रत्येक खेप उलटीविना पार पडणे हा ती चुकीची जोडणी सैल होण्याचा उत्तम मार्ग आहे. स्वसंमोहन जमू लागले म्हणून यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. केमोनंतर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर शांत पडून सूचना घेत न बसता तडक रुग्णालय गाठा. त्या काळात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि काही तासांचा उशीरही महागात पडू शकतो.

तिसरी गोष्ट कर्करोग बरा करण्याच्या दाव्यांची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते की, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांना गटचर्चा आणि वेदनेसाठी स्वसंमोहन यांचा लाभ मिळाला, त्या सरासरीने सुमारे दीड वर्ष अधिक जगल्या. या निष्कर्षाने फार मोठी आशा निर्माण केली. पुढे कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गटोपचाराच्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे आढळले नाही, आणि स्वतः स्पीगेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १२५ स्त्रियांच्या नव्या चाचणीतही एकूण गटाचे आयुष्य वाढलेले दिसले नाही. कॅनडाच्या चाचणीत मनःस्थिती सुधारली आणि वेदनेची जाणीव कमी झाली, हे मात्र खरे. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासायला घेऊन जे मिळाले ते प्रामाणिकपणे छापणाऱ्या त्या संशोधकाबद्दल मला आदर वाटतो. आपल्याकडे मात्र मनाच्या शक्तीने गाठ विरघळवून देतो असे सांगणारे आजही भेटतात. कर्करोग बरा करण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. स्वसंमोहनाचा जो शिक्षक केमो थांबवण्याचा इशारासुद्धा करील, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

औदुंबर_छाया

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हाताच्या बधिरतेचा धोका माझ्या लक्षात आलाच नसता. आज सकाळी डॉक्टरांना दूरध्वनी करून सगळे सांगितले. त्यांनी आदल्या रात्रीची गोळी लिहून दिली आहे, पोर्टविषयी पुढच्या भेटीत ठरवू असे म्हणाले आहेत, आणि स्वसंमोहनाला त्यांची हरकत नाही. मानसशास्त्रज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. मनोमय ताई, तोपर्यंत घरी सुरुवात करता येईल अशी थोडी पद्धत लिहाल का? आणि नंतर टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनविरोधी गोळी सुरू झाल्यावर अंगातून वाफा येतात असे म्हणतात, त्यासाठीही याचा उपयोग होतो का?

मनोमय

अवश्य लिहिते, आणि प्राजक्त सरांनी दिलेली सूचना त्यात धरूनच लिहिते.

पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसा. आडवे होऊन केल्यास थकव्यामुळे झोप लागते आणि सराव राहून जातो. डोके न हलवता नजर कपाळाकडे वर न्या, नजर वरच ठेवून पापण्या सावकाश मिटा आणि खोल श्वास घ्या. मग श्वास सोडा, डोळे सैल करा आणि शरीर पाण्यावर तरंगत असल्याची कल्पना करा. स्पीगेल यांनी शिकवलेली ही सुरुवात आहे. तिला अर्धा मिनिटही लागत नाही, त्यामुळे ती पुढे वॉर्डातल्या गडबडीतही वापरता येते. त्यानंतर आपल्या ओळखीच्या, जिथे पोट निवांत असते अशा एखाद्या ठिकाणी मनाने जा. तिथला उजेड, वारा, पायाखालची जमीन, दुरून येणारे आवाज हे सगळे एकेक करून अनुभवा आणि मनात म्हणा: ‘माझा घसा सैल आहे, माझे पोट मऊ आहे, मी इथे सुरक्षित आहे.’ सूचना नेहमी होकारार्थी असाव्यात. ‘मला मळमळणार नाही’ असे म्हटले की मन मळमळीकडेच वळते. परत येताना तीन, दोन, एक असे उलटे मोजा, हातपाय हलवा आणि डोळे उघडा.

पहिले काही दिवस एवढेच करा, दिवसातून दोन-तीनदा. ते सहज जमू लागले की त्या शांत अवस्थेत असताना रुग्णालयाची वाट थोडी थोडी डोळ्यांसमोर आणा: आधी बसस्टँड, मग फाटक, मग जिना, मग वास, आणि सर्वांत शेवटी लाल औषध. कुठेही पोटात ढवळू लागले तर तिथेच थांबून आपल्या ठिकाणी परत या आणि पुढचा टप्पा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. इथे जिद्दीने पुढे रेटण्यात काहीच लाभ नाही. शांतपणे पार पडलेला प्रत्येक टप्पा जुनी जोडणी कमकुवत करतो. शेवटचे तीन टप्पे आमच्या क्षेत्रातल्या माणसासमोर करणे मला अधिक योग्य वाटते, म्हणून पुढच्या आठवड्यातल्या भेटीपर्यंत फाटकाच्या पुढे जाऊ नका.

सुईसाठी वेगळा, छोटा सराव करा. हात थंडगार पाण्याच्या बादलीत बुडाला आहे, बोटांपासून कोपरापर्यंत गारवा चढतो आहे, अशी कल्पना करून तो गारवा येऊ द्या. आणि लगेच हात बाहेर काढून पदराने पुसल्याची, त्यात ऊब आणि पूर्ण जाण परत आल्याची कल्पना करा. दोन्ही भाग नेहमी जोडीनेच करा. सुई बसून चिकटपट्टी लागली की दुसरा भाग करायचा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने स्पर्श नीट कळतो याची खात्री झाल्यावरच सिस्टरना औषध सुरू करायला सांगायचे. सिस्टरना आणि घरच्यांना आणखी एक विनंती करून ठेवा. ‘आता दुखेल हं’, ‘थोडी आग होईल’ असे आधी बोलून दाखवल्याने वेदना आणि चिंता वाढते, असे लँग यांच्याच एका अभ्यासात दिसले आहे. ‘आता सुरू करते’ एवढे म्हटले तरी पुरते.

उपिटाबद्दलही सांगते. केमोच्या दिवशी आपल्या आवडीचे किंवा रोजच्या जेवणातले मुख्य पदार्थ खाऊ नका. साधे आणि थोडे खा. त्या दिवशी तोंडात नेहमी एकच, एरवी न खाल्ली जाणारी गोळी चघळली, तर नावड बहुधा त्या गोळीला चिकटते आणि घरचे अन्न वाचते. रव्याची नावड घालवण्याची घाई करू नका, केमो संपल्यावर सावकाश त्याकडे पाहता येईल.

अंगातून वाफा येण्याविषयी आपण विचारले आहे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचे गॅरी एल्किन्स यांनी स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना थंडाव्याच्या कल्पनाचित्रांसह संमोहन शिकवून २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाफांची संख्या आणि तीव्रता मिळून काढलेला गुणांक त्या गटात ६८ टक्क्यांनी उतरला होता. आता आपण गारव्याचा जो सराव करणार आहात तोच तेव्हा सर्वांगासाठी वाढवता येईल. वाफांच्या त्रासामुळे टॅमॉक्सिफेन सोडून देणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, म्हणून गोळी सुरू झाल्यावर त्रास जाणवू लागताच इथे लिहा किंवा आपल्या मानसशास्त्रज्ञांना सांगा. त्या चित्राचा पूर्ण मजकूर मी तेव्हा देईन.